साळूची सुपुर्दगी

आमच्या घरात आणि साळूच्या तबेल्यात एकच भिंत होती, आणि आवाजापुरती तीही नव्हतीच. पहाटे साळू अंग झटकायची, नाकपुड्या फुरफुरवायची, मग पुढची टाप दोनदा आपटायची, आणि चुलीपुढून माई म्हणायची, "उठली हो तुमची लेक." लेक म्हणजे मी नव्हे, मी त्यानंतर पुष्कळ वेळाने उठायची. आबा, म्हणजे माझे वडील, देवासात टांगा चालवायचे. त्यांचे पणजे सरकारांच्या पागेत होते, दक्षिणेतून लष्कराच्या मागे घोडी हाकत इथवर आले, असं आमच्या घरात सांगत. राज्यं गेली, पागा मोडली, पण आमच्या घरचं घोडं काही सुटलं नाही. आबा खरारा करायला बसले की त्या घासण्याचा एक संथ आवाज घरभर भरून राहायचा, आणि त्या आवाजात मी डोळे चोळत दात घासायची. घरात हरभरे रोज दोन पातेल्यांत भिजत, एक तिचं आणि एक आमचं, आणि कधी पाहुणे आले तर आमच्या पातेल्यातले कमी पडत, तिच्यातले नाही. रविवारी माई बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, करायची, मालव्यातल्या साऱ्या घरांसारखेच, पण त्यांच्यावर डाळ न ओतता आमची चिंचगुळाची आमटी ओतायची. शेजारच्या मालवी बायका हसायच्या. माई म्हणायची, "हसू देत. पोटात गेल्यावर आमटी कुणाची भाषा बोलते?"

माझं मराठी या घरातलं आहे. शाळा सगळी हिंदीतून झाली, नोकरीही धारच्या हिंदी शाळेतच केली, त्यामुळे हे लिहिताना मध्येच एखादा शब्द अडतो आणि हिंदीतलाच पुढे येतो. येऊ दे. त्या दिवसांतले कितीतरी शब्द मला हिंदीतच ऐकू येतात, आणि त्यातला एक तर मी या प्रकरणाच्या माथ्यावरच घातला आहे.

साळू मांडूची. तिथे ती पडक्या महालांमधून प्रवाशांना पाठीवर घेऊन हिंडायची. तिच्या मालकाला मुलाकडे सुरतेला जायचं होतं, तेव्हा आबांनी ती घेतली. सुट्ट्या होत्या, म्हणून मीही गेले होते. माझा थोरला भाऊ अण्णा, आबा आणि मी, असे तिघं तिला चालवत धारपर्यंत आलो. धारला आत्याकडे मुक्काम केला. आत्याने घोडीला आधी पाणी दाखवलं, मग आम्हाला. "ही घरात येतेय तर हिला नाव काय?" आत्याने विचारलं. आबा म्हणाले, "शहाणी आहे, साळू म्हणू." पुढचा रस्ता मी पुष्कळसा तिच्या पाठीवर बसून केला. डोंगर मागे पडल्यावर सपाट काळी जमीन लागली तशी ती कान टवकारून एकदम जोरात चालायला लागली, आणि आबा लगाम धरून शेजारी पळत हसत होते. आबांना पळताना आणि हसताना मी एकाच वेळी पाहिलं ते तेवढंच.

देवासात टांग्याचा धंदा तेव्हाच मरायला टेकला होता. टेम्पो आले होते, मागून काळा धूर सोडत, एकात दहा-दहा माणसं कोंबून. अण्णाला टेम्पो घ्यायचा होता. तो जेवताना रोज विषय काढायचा आणि आबा रोज ताटाकडे पाहत म्हणायचे, "बघू." पण नवरात्रात टांग्यांना दिवस यायचे. टेकडीवर देवीला माणसांचा पूर लोटायचा, आणि बस अड्ड्यापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत म्हाताऱ्या, बायका, पोरंबाळं टांग्यातूनच जायची. त्या नऊ दिवसांवर घर पुढे हिवाळाभर चालायचं.

त्या वर्षी नवरात्राच्या मध्यावर साळूचा खांदा सोलला. पट्टा नवा होता, कातडं कडक. आबांनी कडुलिंबाचं तेल लावलं, हळद भरली, माईच्या जुन्या गोधडीचा तुकडा पट्ट्याखाली शिवला. एक दिवस तिला घरी ठेवली. दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. माईने तबेल्यात जाऊन हात लावून पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाली, "अहो, खांदा ओला आहे तिचा अजून. आज नका जोडू."

"अष्टमी आहे," आबा म्हणाले.

"असू दे की."

"नवरात्र काय दर महिन्याला येतं? दुपारपर्यंत फिरवतो. मग सोडतो."

माईने हरभऱ्यांत नेहमीपेक्षा मोठा गुळाचा खडा टाकला, एवढंच.

दुपारी मी आबांची भाकरी घेऊन अड्ड्यावर गेले आणि टेकडीच्या फेरीत पुढे त्यांच्याशेजारी बसले. मागे चार सवाऱ्या बसल्या होत्या. सुटता सुटता एक म्हातारी नातवाला घेऊन आली आणि आबांच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "बेटा, म्हारे भी ली चल, पगां में दम नी है." आबांनी तिला चढवून घेतलं. चढाच्या वळणावर पोलीस उभे होते, आणि त्यांच्यासोबत इंदूरहून आलेली प्राण्यांच्या संस्थेची माणसं. त्यांत एक बाई होत्या, कापलेल्या केसांच्या, सुती साडीतल्या. त्यांनी साळूच्या पट्ट्याखालचा गोधडीचा तुकडा दोन बोटांनी उचलला. खाली खांदा लाल होता, कडेला पिवळा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पाहिलं, ते नाटक नव्हतं. त्या आबांना म्हणाल्या, "इसे दर्द नहीं होता क्या, भैया? बोल नहीं सकती इसलिए?"

आबा खाली उतरून उभे राहिले. ते भांडले नाहीत. बाकीचे टांगेवाले आरडाओरडा करत होते, "टेम्पोवालों को पकड़ो," म्हणत होते. आबा नुसते त्या खांद्याकडे पाहत होते. हवालदाराने पंचनामा लिहिला. जास्त सवाऱ्या, जखमी जनावर. साळूला टांग्यातून सोडली आणि आणखी दोन घोड्यांबरोबर दोरी लावून नेली. ती दोनदा मागे वळली. म्हातारी नातवाला घेऊन चालत टेकडीकडे निघून गेली. मी घरी जाऊन अण्णाला बोलावून आणला, आणि मग आबा आणि अण्णा दोघं टांग्याच्या दांड्यांमध्ये उभे राहिले आणि त्या गर्दीतून, ढोल वाजत असताना, टांगा ओढत घरी घेऊन आले. मी मागून ढकलत होते. लोक वाट सोडत होते. कुणीतरी हसलंही.

जप्त केलेली जनावरं गावाबाहेरच्या कांजी हाउसात ठेवत. मराठीत आपण कोंडवाडा म्हणतो. चारी बाजूंनी भिंत, वर आभाळ, एका कोपऱ्यात पत्र्याचा तुकडा, आणि आत भटकी गुरं. शेणाचा चिखल घोट्यापर्यंत. घोडं गुरांत राहत नाही. ती शिंगं बघून साळू भिंतीला पाठ लावून उभी होती. दुसऱ्या दिवशी आबा हरभऱ्यांची पिशवी घेऊन गेले तर फाटकावरच्या शिपायाने अडवलं. "केस प्रॉपर्टी है. हाथ नहीं लगा सकते."

"खाना तो दूँ?"

"खाना सरकार देगी."

सरकारचा चारा मंजूर व्हायचा होता. दोन दिवसांनी शिपाई गेला आणि नुसता चौकीदार उरला, म्हातारा मालवी माणूस. त्याने इकडेतिकडे पाहून फाटक उघडलं. आबांनी तिला चारलं, पाणी पाजलं. तेलाची बाटली काढली तेव्हा मात्र चौकीदाराने हात जोडले. "भिया, दवई मत लगाओ. घाव ई तो सबूत है. डाक्टर साब लिखेगा पेलां. म्हारा हाथ में कई नी है." आबांनी बाटली परत खिशात घातली. त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ ते जात, आणि शाळा सुटल्यावर मी. घरी तबेला तसाच झाडून ठेवलेला असायचा. माई हरभरे दोन पातेल्यांत भिजवतच होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जोशी वकील राहायचे, जुन्या दरबारी कारकुनांच्या घरातले, मराठी अगदी पोथीतलं बोलणारे. आबा त्यांच्याकडे गेले. वकिलांनी समजावलं, "घाबरू नका. सुपुर्दगीचा अर्ज करू. म्हणजे खटला चालू असेतो जनावर तुमच्या हवाली. कोर्टाने बोलावलं की हजर करायचं. सरळ गोष्ट आहे." पण कोर्टाला दसऱ्याची सुट्टी होती. सुट्टीनंतर अर्ज लागला तेव्हा संस्थेच्या वतीने हरकत आली: ज्याने जनावराचे हाल केले त्याच्याच हाती ते परत कसं द्यायचं? वकील बाहेर येऊन आबांना म्हणाले, "त्यांचं म्हणणं कायद्याला धरून आहे, मोरे. खोटं नाही." आबा म्हणाले, "खोटं कुठे म्हणतो मी. जखम होतीच." तारीख दिवाळीच्या पलीकडची मिळाली.

त्या दिवाळीत आमच्याकडे फराळ झाला, पण तो शेजारी द्यायला. अण्णा टेम्पोचं नाव काढेनासा झाला होता. साळूच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. डॉक्टर एकदाचे येऊन जखम लिहून गेले. लिहिल्यावर तेल लावायची मुभा मिळाली, पण तोवर जखमेत शेण आणि माश्या. तिच्याबरोबर आणलेल्या दोन घोड्यांपैकी एकाला बैलाने शिंग मारलं होतं, तो एका पायावर भार न देता उभा असायचा.

आणि मग एक दिवस त्या इंदूरच्या बाई आल्या. आपण सोडवलेली जनावरं बघायला आल्या होत्या. सोबत एका मुलाच्या हातात गवताचा भारा होता. फाटकातून आत आल्या आणि तिथेच थांबल्या. आबा चिखलात उभे राहून साळूचा पाय धुत होते, मी बादली धरली होती. बाईंनी आबांना ओळखलं. म्हणाल्या, "मुझे बताया था कि यहाँ देखभाल होती है."

आबांनी पाय खाली ठेवला. धोतराला हात पुसले. मला वाटलं, आता बोलतील. इतक्या दिवसांचं सगळं आता बोलतील. ते म्हणाले, "बैनजी, आपके पास जगह है क्या? ले जाओ इसको. मुझे वापस नहीं चाहिए. लिखके देता हूँ. बस इधर से ले जाओ."

बाई रडायला लागल्या. संस्थेकडे जागा नव्हती. जमिनीसाठी अर्ज केला होता. कुणाच्या तरी शेतावर ठेवायची म्हटली तरी कोर्टाची परवानगी हवी, आणि कोर्टात तर त्यांच्याच वकिलाने तारीख घेतली होती. "मैं कोशिश करूँगी," त्या म्हणाल्या. त्यांनी केलीही असेल. मला त्यांचा राग तेव्हाही आला नाही, आता तर नाहीच. त्यांच्या वयाला पोहोचून मी कधीच पुढे निघून आले आहे.

गेल्या वर्षीचीच गोष्ट. इथे धारला आमच्या घरासमोरून वरात चालली होती. घोडीला दिव्यांच्या माळा, नवरा मोबाइलवर बोलतोय, बाजा कानठळ्या बसवतोय, आणि घोडी मागचा पाय आखडत चाललेली. माझी नात गच्चीत उभी होती. ती तरातरा खाली आली. "आजी, ये गलत है ना? कायदा आहे ना?" मी म्हटलं, आहे. तिने फोनवर तक्रारीचा नंबर शोधला आणि मला लावून दिला, कारण मोठ्या माणसाचं ऐकतात म्हणून. पलीकडचा माणूस भला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मैडम, पकड़ तो लेंगे. रखेंगे कहाँ?" नात माझ्याकडे बघत होती. मी फोन ठेवला आणि वरात वळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. कायदा तोच आहे. त्यातल्या दंडाची रक्कमही तीच आहे. ती मी इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्याला छपाईत शून्यं गळली असं वाटेल.

आबांनी घोडीवरचा हक्क सोडल्याचा अर्ज खरंच लिहिला. जोशी वकिलांनी डोक्याला हात लावला. "मोरे, याचा अर्थ तुम्ही गुन्हा कबूल केलात." आबा म्हणाले, "तसं लिहा." अण्णा घरी येऊन पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडला, "आपली घोडी आणि आपणच नको म्हणायचं?" आबा म्हणाले, "आपली आहे म्हणूनच." अर्जाला पुढची तारीख पडली.

तारखेच्या आधीच एक दिवस साळूने हरभरे खाल्ले नाहीत. आबांनी तळहात पुढे केला तेव्हा तिने मान लांबवली, ओठ हलवले, वासही घेतला, पण जबडा उघडेना. पुन्हा प्रयत्न केला. पाय लाकडासारखे ताठ, शेपूट उचललेली, कान मागे खेचलेले. तिला खायचं होतं. ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि हरभरे तिच्या ओठांवरून एकेक करून चिखलात पडत होते. आबा म्हणाले, "धनुर्वात." हा शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारला की मी पुन्हा विचारलं आणि त्यांनी पुन्हा सांगितला नाही.

डॉक्टर आले. म्हणाले, इंजेक्शन इथे नाही, मागवायला वरून मंजुरी लागेल. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम बाहर से ले आओ तो मैं लगा दूँगा. किसी से कहना मत." अण्णा इंदूरला गेला, चार दुकानं फिरून घेऊन आला. डॉक्टरांनी ते टोचलं. चौकीदाराने पत्र्याखालची गुरं हाकलून तिला तिथे उभं केलं आणि उजेड नको म्हणून स्वतःची घोंगडी बांधली. म्हणजे पाहा, त्या जागेत एकही माणूस असा नव्हता ज्याला ती मरावी असं वाटत होतं. मी हे पुष्कळ वेळा मनात घोळवलं आहे. एखादा दुष्ट माणूस सापडला असता तर बरं झालं असतं.

ती दुसऱ्या दिवशी आडवी झाली. एवढी ताठ झालेली घोडी आडवी झाली की पुन्हा उठत नाही, आबांना ठाऊक होतं. ते तिच्या मानेशी बसले आणि तिच्या डोळ्यांवर आपला पंचा धरला. माई त्या कोंडवाड्यात एकदाच आली, ती त्या दिवशी. चपला फाटकात काढून ती चिखलातून अनवाणी आत आली आणि साळूच्या खांद्यावर, अगदी त्या जखमेच्या शेजारी, हात ठेवून उभी राहिली. आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू म्हणाली होतीस." माई म्हणाली, "आता ते कशाला." दुपार टळायच्या आत साळू गेली. तरी तिला लगेच नेता आलं नाही. पंचनामा व्हायचा होता. फाटक लावून घेईपर्यंत आम्ही थांबलो आणि मग चालत घरी आलो. त्या संध्याकाळी माईने हरभरे एकाच पातेल्यात भिजत घातले, आणि ते कुणी खाल्ले नाहीत.

खटला मात्र चालला. जनावर मेलं म्हणून गुन्हा मरत नाही, वकील म्हणाले. माघात कधीतरी शेवटची तारीख होती. मीही गेले होते. शाळेत चित्त लागत नव्हतं म्हणून माईनेच आबांबरोबर धाडलं. न्यायाधीश साहेब तरुण होते, सर्दी झालेली, सारखा रुमाल नाकाला. त्यांनी विचारलं, "गुनाह कबूल है?" आबा म्हणाले, "कबूल है, साब. घाव था." साहेबांनी कायद्याचं पुस्तक पाहिलं, दंड सांगितला, आणि सांगताना त्यांनाच थोडं अवघडल्यासारखं झालं असावं, कारण त्यांनी पुन्हा पुस्तकात पाहिलं. "आगे से ध्यान रखना," ते म्हणाले. मग कारकून बाबूला हुकूम सांगितला आणि पुढच्या केसचा पुकारा झाला.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली जोशी वकिलांनी हुकमाचा कागद वाचला आणि चष्मा काढला. म्हणाले, "मोरे, बाबूने नेहमीचंच टंकलंय. शेवटी लिहिलंय की दंड भरल्यावर जप्त जनावर मालकाला परत देण्यात यावं." अण्णा उठून लांब जाऊन उभा राहिला. आबांनी नुसती मान हलवली.

तिथेच पलीकडे एक माणूस उकिडवा बसला होता. उदयनगरकडचा, जंगलभागातला. तट्टांवर विटा वाहायचा, आणि त्याची दोन तट्टं आदल्याच दिवशी पकडली होती. गावात तो कुणाला ओळखत नव्हता. आमच्या बोलण्यातलं मराठी त्याला कळलं नसावं, पण कागद दिसला होता. तो जवळ आला आणि आबांना हात जोडून म्हणाला, "भिया, तुम्हारा भी जानवर था? छूट गया?"

वकील खाली बघायला लागले. आबांनी त्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या बगलेत चाऱ्याचं लहानसं गाठोडं होतं.

"हाँ," आबा म्हणाले. "छूट गई."

त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. "तो म्हारा भी छूटी जायगा," तो म्हणाला, आणि गाठोडं सावरून कांजी हाउसचा रस्ता विचारू लागला. आबांनी त्याला रस्ता सांगितला. हात करून, नीट, कुठे वळायचं तेही. तो दिसेनासा होईपर्यंत ते तिथेच उभे होते.